पऱ्हाटीच्या वाटेने सेवाग्रामला

दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीहून यवतमाळ जिल्ह्यात शिरलं की नेरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूसच दिसतो. काळ्या जमिनीवर वाळत चाललेली पऱ्हाटी, तिच्यावर फुटलेली बोंडं आणि ओटीत कापूस भरत ओळीने पुढे सरकणाऱ्या बाया. दारव्ह्याला पोहोचेपर्यंत हेच दृश्य. दारव्हा म्हणजे शकुंतला रेल्वेचं जुनं स्टेशन. इंग्रजांच्या काळात याच कापसासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रूळ असलेली गाडी घातली गेली. इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबई आणि पुढे जहाजाने विलायतेला. ती गाडी आता बंद आहे. कापूस मात्र अजून आहे, आणि तो पिकवणाऱ्यांच्या अंगावर येणारा खर्चही.

आम्हा दोघांचं हे जाणं फिरण्यासाठी नव्हतं. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात आपांचं घर आहे. दुल्हाभाईंना सेवाग्रामच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या तपासणीला न्यायचं होतं. दर काही महिन्यांनी ही फेरी असते. एरवी आपा त्यांना एसटीने घेऊन जातात. या वेळी शाळेला सुट्टी असल्याने आम्ही गाडी घेऊन गेलो. दारव्हा, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा आणि सेवाग्राम हा तो रस्ता. २०१७ च्या सप्टेंबरात दुल्हाभाई याच रस्त्याने गेले होते, पण त्या प्रवासातलं त्यांना काहीच आठवत नाही.

ते वर्ष यवतमाळकर विसरणार नाहीत. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि मजूर दवाखान्यात भरती झाले, वीसहून अधिक जण अल्लाहला प्यारे झाले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आणली. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बीटी कापसावर पडणार नाही असं ज्या गुलाबी बोंडअळीबद्दल सांगितलं जायचं, तीही जोरात पडली होती. उंच झाडावर फवारा मारायचा तर नळी वर धरावी लागते, आणि वर मारलेलं सगळं खाली, मारणाऱ्याच्याच तोंडावर येतं. बॅटरीच्या पंपाने थेंब इतके बारीक होतात की ते धुक्यासारखे हवेत राहतात. त्यात दोन-तीन बाटल्या एकत्र करून मारायची पद्धत. एका बाटलीने अळी मरत नाही म्हणून दुसरी, दुसरीने नाही म्हणून तिसरी.

दुल्हाभाई स्वतःच्या शेतात फवारत नव्हते. त्यांच्याकडे शेतच नाही. पंपामागे ठरलेल्या पैशांवर ते दुसऱ्यांच्या शेतात फवारा मारायचे, दिवसाला वीस-वीस पंप. पाठीवर सोळा लिटरची टाकी, पायात चप्पल, तोंडाला रुमाल. त्या साली बकरी ईद २ सप्टेंबरला होती. ईदचा खर्च भरून काढायला त्यांनी त्यानंतर एकही दिवस खाडा केला नाही.

आपांनी आम्हाला तो दिवस पुन्हा सांगितला. दरवेळी सांगतात, आणि दरवेळी त्यात एखादी गोष्ट नवी असते. या वेळची नवी गोष्ट अशी की दुल्हाभाईंनी त्या दिवशी शेतातच जोहरची नमाज पढली होती. विहिरीवर वजू केला, कुल्ला केला, हात कोपरापर्यंत धुतले, पाय धुतले, आणि आता आपण स्वच्छ झालो असं त्यांना वाटलं. वजू नमाजसाठी आहे. त्यात पाठ धुतली जात नाही, पोट धुतलं जात नाही. गळक्या पंपाने भिजलेला सदरा मात्र पाठीला चिकटलेलाच होता. असं विष जेवढं श्वासातून जातं तेवढंच, किंबहुना पुष्कळदा त्याहून जास्त, कातडीतून जातं. घामाने भिजलेल्या अंगातून तर आणखी लवकर. तोंडाला बांधलेला रुमाल थेंब थोडेफार अडवतो, वाफ अडवत नाही. आणि तोच रुमाल ओला झाला की नाकासमोर विषाची पट्टी बांधल्यासारखं होतं.

संध्याकाळी उलटी झाली. डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम. जवळच्या एका खासगी डॉक्टरने पित्त म्हणून सलाईन लावली आणि घरी पाठवलं. रात्री दोनला छातीतून घरघर आवाज यायला लागला, तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून यवतमाळ गाठलं.

ही घरघर कशाची, ते आम्हाला पुढे सेवाग्रामच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. कापसावर मारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट नावाची एक मोठी जात आहे. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही त्यातलीच नावं. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना एक रसायन सोडून हुकूम देतात. काम झालं की ते रसायन पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतं. मग हुकूम थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम वाहत राहतो, श्वासनळ्या आवळतात आणि फुप्फुसात पाणी सुटत राहतं. माणूस कोरड्या जमिनीवर असून आतल्या आत बुडतो. यावर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देतात, आणि ती किती द्यायची हे छातीला नळी लावून ठरवतात. आतला ओला आवाज थांबेपर्यंत, छाती कोरडी होईपर्यंत देत राहायची.

यवतमाळला त्यांची छाती कोरडी झाली. सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले. पण तिसऱ्या दिवशी दुल्हाभाईंना उशीवरून मान उचलता येईना. या विषाचा हा दुसरा वार असतो. पहिलं वादळ शमल्यावर एक ते चार दिवसांत मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. बरा होत आलेला वाटणारा माणूस श्वास घ्यायचंच विसरल्यासारखा होतो. म्हणूनच, बोलायला-खायला लागला म्हणून अशा रुग्णाला दुसऱ्याच दिवशी हट्टाने घरी आणू नये. आमच्या माहितीत एका घराने तसं केलं होतं.

आम्ही यवतमाळात चहाला थांबलो तेव्हा भाचा एका कृषी सेवा केंद्रासमोर उभा राहून फलक वाचत होता. तो बारावीला आहे. २०१७ मध्ये दहा वर्षांचा होता. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारची औषधे मिळतील’. आम्ही भाषा शिकवणारी माणसं, त्यामुळे हा शब्द आम्हाला नेहमी खटकतो. मराठीत ‘औषध मारणं’, आपल्या घरांत ‘दवा मारना’. डॉक्टरच्या बाटलीला जो शब्द, तोच या बाटलीला. ज्याला आपण दवा म्हणतो त्याची भीती कशी वाटणार? बाटलीवर खरं तर खूण असते. डब्यावरच्या चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यावर कवटीचं चित्रही असतं. त्यानंतर पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्याचाही अर्थ निर्धोक असा नाही. आत घडी केलेलं माहितीपत्रकही असतं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. ते वाचायला शेतात कुणाला सवड आहे!

आमच्या शाळेत ऑगस्ट-सप्टेंबरात नववी-दहावीची मुलं दोन-दोन दिवस दिसत नाहीत. विचारलं तर खाली मान घालून सांगतात, फवारा होता. ‘पोरं चपळ असतात, चार पंप जास्त मारतात’ असं शेतमालक म्हणतात. पोरांना मोबाइलच्या रिचार्जचे पैसे मिळतात. या भाच्यालाही यंदा बोलावणं आलं होतं. घरात पैशांची चणचण, आपांचं शिवणकाम एवढाच आधार, आणि पोराच्या अंगात रग. आपांनी जाऊ दिलं नाही. त्यावरून मायलेकांत तीन दिवस अबोला होता, असं दुल्हाभाईंनी आम्हाला गाडीत हळूच सांगितलं. ते हळूच सांगतात हे खरं तर चुकीचं वर्णन झालं. त्यांना मोठ्याने सांगताच येत नाही. एका दमात पाच-सहा शब्द, मग थांबणं.

कळंबच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतं. एके काळी हीच नदी निजामाच्या मुलखाची हद्द होती. आता वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठी रेल्वे आली आहे, ती पुढे यवतमाळला जायची आहे. नव्या रुळांकडे बघून भाचा म्हणाला, “मामू, ही त्या वेळी असती तर?” दुल्हाभाईंना त्या वेळी १०८ च्या रुग्णवाहिकेतून या पुलावरून नेलं होतं. घशात नळी होती, आणि एक मदतनीस हाताने रबरी फुगा दाबत त्यांना श्वास देत होता. यवतमाळ ते सेवाग्राम सुमारे ७० किलोमीटर. तेवढा वेळ कुणीतरी दुसऱ्यासाठी श्वास मोजत बसला होता. त्या मुलाचं नाव आपांना माहीत नाही. प्रत्येक नमाजनंतर त्याच्यासाठी दुआ मात्र करतात.

सेवाग्रामला लोक बापूकुटी पाहायला येतात. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. त्यांच्याच काळात सुरू झालेल्या छोट्या दवाखान्याचं पुढे कस्तुरबा रुग्णालय झालं, आणि १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय उघडलं. खादी घातलेले तरुण डॉक्टर बघून पहिल्या वेळी आम्हाला नवल वाटलं होतं. बाहेर कडुनिंबाखाली शिदोऱ्या सोडून बसलेली माणसं यवतमाळ, चंद्रपूर अशी कुठून कुठून आलेली असतात. त्यांत टोप्या, पागोटी, बुरखे, नऊवारी सगळं एकाच चटईवर दिसतं. ‘तुमचा पेशंट कोणता?’ हा इथला सलाम.

आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी बसले होते. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. बाभळीचा काटा रुतला होता, साखरेचा आजार असल्याने दुखलं नाही, आठ दिवसांनी ताप आला आणि माणूस बरळायला लागला. त्यांच्या मुलाने सांगितलं, “विष भिनलं होतं रक्तात.” आपांनी मान हलवली, “यांचंही तसंच झालं होतं.”

ऐकणाऱ्याला वाटावं की आपा कीटकनाशकाबद्दल बोलत आहेत. तसं नव्हतं. दुल्हाभाईंना दोन वेगवेगळ्या विषांशी झुंजावं लागलं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जीवघेणं निघालं. आमच्या नातेवाइकांत अजूनही बऱ्याच जणांना ते एकच वाटतं. फवाऱ्याचं विष दहा-बारा दिवसांत उतरलं होतं. पण पहिल्या रात्री बेशुद्धीत झालेल्या उलटीचा काही भाग फुप्फुसात गेला होता. व्हेंटिलेटरचे दिवस लांबले तसं डॉक्टरांनी गळ्याला समोरून छोटं छिद्र पाडून त्यातून नळी घातली. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. गळ्यातल्या नळीतून कफ ओढून काढणंही सोपं जातं. सही करताना आपांचे हात थरथरत होते. गळा कापणार म्हटल्यावर कोणत्या बाईचे थरथरणार नाहीत! ती जागा आता एका लहान खळीएवढी उरली आहे, कुर्त्याच्या गळ्याआड झाकली जाते.

फुप्फुसात न्यूमोनिया झाला आणि फुप्फुस व बरगड्यांच्या मधल्या पोकळीत पू साठला. मग एका सकाळी ताप चढला, श्वास जोरजोरात व्हायला लागला, रक्तदाब घसरला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले. यालाच सेप्सिस म्हणतात. जंतूंशी लढताना शरीर इतकं बिथरतं की स्वतःचेच अवयव बंद पाडायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने ज्या वर्षी सेप्सिसकडे सगळ्या देशांनी लक्ष द्यावं असा ठराव केला, ते वर्षही २०१७ च. हा दुखण्याचा नव्हे, वेळेचा मामला आहे, असं तिथल्या सर्जननी आपांना सांगितलं होतं. अँटिबायोटिक आणि सलाईन लगेच, पहिल्या तासात सुरू व्हायला हवं. पण तेवढ्याने भागत नाही. पू कोंडून बसला असेल तर त्याच्या जाड भिंतीतून औषध आत पोहोचतच नाही. म्हणून आधी शोधायचं की घाण कुठे दडली आहे. छातीत, पोटात, पायात, जिथे असेल तिथून ती बाहेर काढायची. छातीत असेल तर बरगड्यांमधून नळी, पोटात असेल तर पोट उघडायचं, पायात असेल तर कुजलेला भाग कापायचा. शेजारच्या चाचांचा पाय असा गेला होता. जीव राहिला.

दुल्हाभाईंच्या बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडली. पहिल्याच दिवशी बाटली भरली. ताप उतरला, पण फुप्फुस फुगेना. पुवाची साल त्याच्याभोवती घट्ट बसली होती. शेवटी छाती उघडून ती साल सोलून काढावी लागली. ते ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. तोपर्यंत मोहर्रम उलटून गेला होता. गावातल्या ज्या मंडळींनी आधी ‘आता कशाला हाल करता’ म्हटलं होतं, तीच रक्त द्यायला आली. त्यांत हिंदू पोरंही होती. ज्याच्या शेतात फवारा मारला त्या शेतकऱ्याने दोन महिने घरचा किराणा भरला. त्याचीही पऱ्हाटी त्या साली बोंडअळीने खाल्ली होती, तरीही.

बाकी कुठून फार काही आलं नाही. शेतकऱ्यांसाठी असलेल्या अपघात विमा योजनेत फवारणीची विषबाधा बसायची, पण त्यासाठी नावावर सातबारा लागायचा. फवारा मारणाऱ्यांत मोठी संख्या मजुरांची, आणि मजुराच्या नावावर कुठला सातबारा! ही गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त सलते. शेत ज्याचं, तो शेतकरी. विष ज्याच्या पाठीवर, तो कोण, हे कागदात नाही.

तपासणीला फार वेळ लागला नाही. एका यंत्रात जोराने फुंकायला सांगतात आणि किती हवा बाहेर येते ते मोजतात. दुल्हाभाईंनी तीनदा फुंकलं. आकडा मागच्या वेळेइतकाच आला, कमी झाला नाही. डॉक्टरांना तेच हवं होतं. फुप्फुसाचा तो भाग आक्रसून गेला आहे, तो परत फुगणार नाही, पण उरलेलं नीट ठेवता येईल. चुलीच्या धुरात बसायचं नाही, तंबाखू-विडी नाही, थंडीत खोकला लागला तर वाट बघायची नाही, तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं रोज ओढायचं. आणि शेतात फवारा सुरू असेल त्या बाजूला फिरकायचंही नाही. “खेड्यात राहून ते कसं जमेल?” असं आपांनी विचारलं. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, निदान फवारा मारलेले कपडे तुमच्या घरात, तुमच्या कपड्यांत धुऊ नका. हे आपांनाच सांगणं होतं. वर्षानुवर्षं ते कपडे त्यांनीच हाताने धुतले होते, मुलांच्या गणवेशाबरोबर, एकाच बादलीत.

त्यावरून आम्हाला बिहारमधल्या गंडामनची शाळा आठवली. २०१३ च्या जुलैमध्ये तिथे मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस होतं. त्यानंतर शाळाशाळांत पोषण आहाराची तेलं आणि डबे तपासायचे हुकूम आले. पण घराघरांतले डबे कोण तपासणार? रिकाम्या बाटल्या धुऊन रॉकेलला, तेलाला, कधी पाण्यालाही वापरलेल्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. आमच्या वाचक भगिनींपैकी ज्यांचं माहेर किंवा सासर शेतीचं आहे, त्यांनी एकदा आपल्या न्हाणीघराच्या फळीवर नजर टाकावी.

परतताना भाचा पुढे बसला होता. वर्ध्यापासून देवळीपर्यंत काही बोलला नाही. मग त्याने आम्हाला विचारलं, रुग्णालयात ते फुंकायचं यंत्र चालवणारा मुलगा किती शिकलेला असतो? आम्ही सांगितलं, बारावी विज्ञानानंतर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम असतो. “विज्ञानच आहे माझं,” तो म्हणाला, आणि बापाकडे वळून पाहिलं. दुल्हाभाई झोपले होते. आपा जाग्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

घरी पोहोचलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. गोठ्यात तो जुना पंप अजून खुंटीला टांगलेला आहे. विकून टाका, चार पैसे येतील, असं आम्ही मागेच सुचवलं होतं. घेणारा तो कुणाच्या तरी पाठीवरच देईल, असं आपांचं म्हणणं. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. तेव्हा शाळेला सुट्टी नसेल, आपा एसटीनेच जातील. दारव्ह्याहून सकाळची गाडी मिळाली तर दुपारच्या आत नंबर लागतो.